माझ्या आधी नंबर लावणारा

नाशिकला बॅग भरताना आईने फोन केला होता. मी मीटिंगमधून बाहेर आलो आणि घाईघाईत तिला सल्ला दिला, "पुस्तकं कशाला वाहून आणतेस? इथे नेटवर सगळी मराठी पुस्तकं फुकट मिळतात. त्या वजनात कुरडया आण."

आई माझं सहसा ऐकत नाही. यावेळी ऐकलं. पुस्तकं बाहेर, कुरडया आत. दोह्याच्या विमानतळावर ती उतरली तेव्हा हातात वाचायला फक्त औषधांच्या गोळ्यांची पाकिटं होती.

पहिला आठवडा नातीचं कौतुक करण्यात गेला. नंतर मी आणि बायको ऑफिसला, मुलगी शाळेत, आणि आई बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एसीचा आवाज ऐकत बसलेली. बाहेर असं ऊन की खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, कोथिंबीर आणायला गेलं तरी माणूस भाजून परत येतो. एका संध्याकाळी चहा देताना तिने विचारलं, "हं, कुठायत तुझी पुस्तकं?"

शुक्रवारी सुट्टी होती, मी शोधायला बसलो. 'फुकट' लिहिलेल्या जागी शेवटी कार्डाचा नंबर मागत होते. जिथे मागत नव्हते, तिथे स्पर्धा परीक्षेची गाइडं होती. दुपारी एक मोठं ऑनलाइन वाचनालय सापडलं. जुनी पुस्तकं पानापानाने स्कॅन करून ठेवलेली. एका पुस्तकाची एकच प्रत धरायची, ती एका वेळी एकालाच मिळणार, दोन आठवड्यांनी आपोआप परत जाणार. कुणी नेलेलं असेल तर नंबर लावायचा.

"अगं, हे आपल्या वाचनालयासारखंच आहे," मी म्हणालो.

आमच्या वाचनालयात एका वर्गणीवर एकच पुस्तक मिळे, म्हणून आमच्या घरच्या वर्गण्या होत्या चार. बाबांची, आईची, माझी आणि आजोबांची. आजोबा वारल्यावरही आईने त्यांची वर्गणी बंद केली नाही. ग्रंथपालांना सगळं ठाऊक होतं. रजिस्टर पुढे ओढत ते फक्त एवढंच विचारत, "आजोबांचं झालं का वाचून?" आणि आई गंभीर चेहऱ्याने म्हणे, "हो, त्यांना फारसं आवडलं नाही."

घरचं वळण ते. मी लगेच तीन खाती उघडली. माझं, बायकोचं, आईचं.

आईला एकच पुस्तक हवं होतं. लग्नाआधी माहेरच्या गावी वाचलेली एक कादंबरी. तिची नायिका भावाशी भांडून घर सोडते, बैलगाडीत बसते, गाडी फाट्यावर येते, आणि पुढची पानंच नव्हती. कुणीतरी फाडून नेली होती. फाट्यावरून एक रस्ता स्टेशनाला जायचा आणि एक सासरी. "ती कुठे वळली ते मला अजून माहीत नाही," आई म्हणाली. हे तिने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं म्हणा.

मराठीत नाव टाकलं तर सापडेना. मुलगी म्हणाली, "बाबा, ट्राय इंग्लिश लेटर्स." त्या अक्षरांत आपली नावं लोक कशी लिहितील याचा नेम नाही. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी नाना प्रकारे लिहून पाहिलं आणि एकदाची ती सापडली. मुखपृष्ठावर बैलगाडीच. घाईने पुस्तक घ्यायचं बटण दाबलं. पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत राहिलं. तेवढ्यात साहेब दारातून "यल्ला, यल्ला" अशी घाई करत आले. काम काही झालं नाही असं समजून मी लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी टॅबवर आईचं खातं उघडलं, तर पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे गेलेलं. आईच्या नावाने नंबर लावला आणि त्या दुसऱ्या वाचकाला शिव्या घालायला लागलो. इतकी वर्षं त्या पुस्तकाला कुणी हात लावला नसेल आणि नेमकं आजच? माझ्या डोळ्यांपुढे अमेरिकेतला एक रिटायर्ड म्हातारा उभा राहिला. मुलाच्या घरी कंटाळलेला, रोज दोन पानं वाचून झोपणारा. आईलाही मी त्याचं वर्णन ऐकवलं.

"वाचू दे रे," आई म्हणायची. "सावकाश वाचणारा माणूस चांगला असतो."

पण तीही कोमेजत चालली होती. तीन महिने राहायचं ठरवून आलेली, आणि एक दिवस कुरडया तळता तळता म्हणाली, "माझं तिकीट आधीचं मिळतंय का बघ. तिकडे वाचनालयात जाता येतं, चार माणसं भेटतात."

बाबा गेल्यापासून नाशिकच्या घरात तिची वाट बघणारं कुणी नव्हतं, तरी तिला तिकडेच जायचं होतं. मी तिकीट बघतो म्हणालो आणि बघितलं नाही. तिने दोनदा आठवण केली. दुसऱ्यांदा मी इन्शाल्ला म्हणालो. इथे तो शब्द फार सोयीचा पडतो.

मग एकदा जेवताना बायकोने फोन पुढे धरला. "अहो, हे कोण मला सांगतंय, माझ्या पुस्तकाची मुदत परवा संपते म्हणून? मी तर कित्येक महिन्यांत किराण्याच्या यादीशिवाय काही वाचलेलं नाही."

मी फोन हातात घेतला. मुखपृष्ठावर बैलगाडी. ऑफिसच्या लॅपटॉपवर बायकोचं खातं उघडं राहिलं होतं आणि ते बटण दाबलं गेलं होतं.

मुलगी हसून हसून खुर्चीवरून घसरली. आईने शांतपणे भाताचा घास संपवला आणि म्हणाली, "म्हणजे तो अमेरिकेतला म्हातारा रोज माझ्याच हातचं जेवतोय."

मुलीने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि पुस्तक परत केलं. थोड्या वेळात ते आईच्या खात्यात आलं. आईने चष्मा लावला, बोट ओलं केलं आणि काचेवर पान उलटलं.

"आजी, नो स्पिट, प्लीज," मुलगी म्हणाली. आईचं लक्ष नव्हतं. पहिल्याच पानावर कुठल्यातरी तालुक्याच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का होता. पुढे एका कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आला होता. नायिका भावाशी भांडते त्या पानावर समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'चूक हिचीच आहे.'

"वाचनालयाचंच आहे हो," आई म्हणाली, माहेरचं कुणीतरी भेटल्यासारखी.

शेवटची पानं शाबूत आहेत हे मी गुपचूप बघून घेतलं होतं. पण आई फाट्यापाशी पोचली आणि थांबली. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, रोज थोडं थोडं. मी तिकिटाचं विचारलं, तर नजर वर न करता म्हणाली, "हे होऊ दे, मग बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको मला सोडायला लिफ्टपर्यंत आली. एरवी येत नाही. आत आई वाचत होती, म्हणून आवाज खाली घेऊन म्हणाली, "मी बघितलंय, आपल्या मागे कुणाचाच नंबर नाही. मुदत वाढवत राहा."