भीती हा शब्द न लिहिता

पन्नाशीला टेकल्या तरी भाषेच्या बाई अजून हंगामीच होत्या. शाळेत त्यांना सगळे खिडकीबाई म्हणत. निसर्गवर्णन लिहायचं म्हटलं की त्या मुलांना आधी कितीतरी वेळ नुसतं बाहेर बघत बसवत. नियम दोनच: दिसेल तेवढंच लिहायचं आणि भावनेचं नाव घ्यायचं नाही.

आज तास बघायला मुख्याध्यापक येणार होते. त्यांना पटलं तर पुढचं सत्र, नाहीतर घरी बसायचं.

"आज तरी पोरांना रम्य, विलोभनीय असलं काही लिहू दे," निघताना नवऱ्यानं बजावलं होतं. "हट्ट करू नकोस."

बाईंनी फळ्यावर लिहिलं: मैदानातलं झाड. भाव: भीती.

मागच्या बाकावर मुख्याध्यापकांनी कपाळाला आठ्या घातल्या. मुलांचं लिहून होताच त्यांनी एका वेणीवालीला उठवलं. "तू वाच गं."

नेमकी हीच, बाईंना वाटलं. ही पोरगी पाठ केलेलं लिहिण्यात पटाईत.

"सगळी पानं हलतायत," ती वाचू लागली. "खालची जाड फांदी हलत नाही. तिच्यावर एकही पक्षी बसत नाही. मुंग्या खोडावरून खाली येतायत, वर कुणीच जात नाही. फांदीखाली बालवाडीची मुलं डबे उघडून बसलीत."

मुख्याध्यापक खिडकीशी गेले, क्षणभर थबकले आणि तडक बाहेर पडले. मैदानातून त्यांचा आवाज आला, "उठा रे, उठा! सगळे व्हरांड्यात! माळीकाका, शिडी आणा!"

पोरं खुदखुदली. बाईंनी डोळे वटारले.

माळीकाकांनी फांदी ठोकून पाहिली, वर उभं राहून नाचूनही पाहिलं. "साहेब, ठणठणीत आहे! झोका बांधून देऊ का तुम्हाला?"

मुख्याध्यापक परतले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"सगळ्यांदेखत माझा पोपट केलात, बाई."

"तिनं एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही, सर." बोलून गेल्यावर बाईंनी जीभ चावली.

मुख्याध्यापकांनी मुलीचा कागद मागून घेतला आणि उभ्या उभ्याच पुन्हा वाचला. नजर एकदा खिडकीकडे गेलीच.

"पुढच्या सत्रात आठवीबरोबर नववीही घ्या," ते म्हणाले. "फक्त हा भीतीचा तास बालवाडीच्या सुट्टीत ठेवू नका."