डावा डोळा आईचा, उजवा वहिनीचा

त्या आठवड्यात माझा डावा डोळा आईच्या ताब्यात होता आणि उजवा वहिनीच्या. नाक मधोमध होतं, म्हणून वाचलं.

मॉरिशसच्या स्वातंत्र्याला तेव्हा दहा वर्षं होत आली होती. मी व्हाकोआला सरकारी कचेरीत कारकून होतो. वय सव्वीस, नोकरी पक्की, दात सरळ, आणि दोन्ही डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं, की कुणीतरी पावशेर काजळ फासून पळून गेलंय असं वाटावं! माझं नाव विश्राम. (हे नाव आणि हे डोळे एकाच माणसाचे आहेत यावर कचेरीत कुणाचा विश्वास बसत नसे.) वर्तुळं वडिलांकडून आलेली. त्यांनी माझ्यासाठी मागे ठेवलं ते एवढंच: एक सायकल आणि ही वर्तुळं. सायकल पुढे चोरीला गेली.

त्यातून ती कातडी भलतीच कोरडी. जरा हसलो की डोळ्यांखालून बारीक पापुद्रे सुटायचे. म्हणून मी फारसा हसत नसे. म्हणून लोक समजायचे की मी दुःखात आहे. आणि आमच्या बेटावर दुःखी माणूस संध्याकाळी काय करतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रम पितो!

मी पीत नव्हतो हो. लिंबाच्या सरबतानेसुद्धा माझा घसा बसतो. पण चेहऱ्यावर लिहिलेलं कोण खोडणार?

हे सगळं चाललं असतं, पण मधे मालती आली. पेती राफ्रेला एका लग्नात ती वाढत होती. रिव्हिएर दू रांपारच्या सखारामकाकांची मुलगी, तिथल्याच शाळेत शिक्षिका. माझ्या केळीच्या पानाशी येऊन तिने विचारलं, "आणखी?" माझं पोट तुडुंब भरलेलं. मी म्हणालो, "हो." अशी ती चार वेळा आली आणि चारही वेळा मी 'हो' म्हणालो. त्या दिवशी मी घरी आडवा पडूनच आईला सांगितलं, की लग्न करीन तर हिच्याशी.

आईने निरोप धाडला. सखारामकाकांचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं: "पोरगा बरा आहे, पण पितो. मी लग्नात बघितले त्याचे डोळे."

सखारामकाका भाजीचे बागायतदार आणि दारूचे कट्टर वैरी. त्यांच्या वाफ्यात पाणीसुद्धा सरळ वाहतं, असं लोक म्हणत. आई तरातरा उठली आणि तिने उलटा निरोप दिला, की माझ्या पोराने आजवर दुधाशिवाय काही प्यायलेलं नाही. (अतिशयोक्ती होती. चहा घेत होतो.) शेवटी काका म्हणाले, "पुढच्या रविवारी घेऊन या. उजेडात बघतो."

जसं काही वांगं निवडायचं होतं!

म्हणजे हातात सहा दिवस. सोमवारी सकाळी आई काकडी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. त्याच वेळी दुसऱ्या दारातून वहिनी एक निळी डबी घेऊन आली.

"काकडी आणि एरंडेल," आई म्हणाली. "काकडीने काळा जाईल, एरंडेलाने कोरडा जाईल. माझ्या आजीपासूनचा औषध आहे."

"सासूबाई, आता काकड्या कोण लावतंय?" वहिनी म्हणाली. "ही क्रीम बघा. माझ्या मावसबहिणीने पाठवलीय पॅरिसहून. ती नर्स आहे तिथे! मागे मी तिला कळवलं होतं, की कातडी काळी पडते आणि कोरडी होऊन तडकते, काय लावू? तर तिने ही दिली. भावजी, तुम्ही वाचा ना फ्रेंच."

मी फ्रेंचच्या परीक्षा पास झालेला माणूस. डबी हातात घेतली, मोठी अक्षरं वाचली, 'कोरड्या त्वचेसाठी', आणि मान डोलावली. खाली बारीक अक्षरं होती. पण सरकारी माणूस बारीक अक्षरं वाचत नाही.

"पॅरिसचा पाणी वेगळा, आपला वेगळा!" आई कडाडली.

"मग बाबांच्या वर्तुळांना का नाही लावली काकडी?"

हे फार झालं. आईने पदर खोचला. तेवढ्यात माझा थोरला भाऊ, दादा, पावाचा तुकडा चहात बुडवत म्हणाला, "त्याला डोळे दोन आहेत ना? एकेक वाटून घ्या."

तो थट्टेत बोलला होता. पण मला, माझं दुर्दैव बघा, ती कल्पना फार शास्त्रीय वाटली! मी कचेरीतून फूलस्कॅप कागद आणला, पट्टी घेऊन तक्ता आखला. डावीकडे 'आई', उजवीकडे 'वहिनी'. खाली रंग, कोरडेपणा आणि तक्रार असे रकाने. रोज संध्याकाळी दादा परीक्षक म्हणून मला खिडकीपाशी न्यायचा, हनुवटी वर करायचा आणि निकाल सांगायचा.

मंगळवारचा निकाल: "काही फरक नाही."

बुधवारी आईने साय आणि मध वाढवला. कचेरीला जाताना एक पिवळी गांधीलमाशी बसथांब्यापर्यंत माझ्या डाव्या डोळ्याबरोबर आली. उजव्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. हा आपल्या औषधाचा गुण आहे, असं आईचं म्हणणं पडलं. "माशीलासुद्धा कळतो!"

डोळ्यांत तेल घालून काम करणं म्हणजे काय, हे मला गुरुवारी समजलं. एरंडेल पापणीवरून आत उतरलं, मला अख्खी कचेरी धुक्यात दिसायला लागली आणि मी साहेबांच्या बायकोला साहेब समजून उभ्याने सलाम केला. साहेबांनी ते मनावर घेतलं नाही. बाईंनी घेतलं.

इकडे उजवा डोळा पांढरा होऊ लागला. आधी वहिनी हरखली. "गेत सा! बघा, बघा!" पण शुक्रवारपर्यंत तो गोरेपणा राहिला नाही, आटलेल्या तळ्याचा तळ झाला. कातडी भेगाळली आणि तिचे कपचे निघू लागले. मी जांभई दिली की करकर ऐकू यायची.

"चुणचुणतंय, वहिनी."

"पॅरिसची आहे. चुणचुणणारच."

शनिवारी दादाने मला खिडकीपाशी नेलं. बराच वेळ पाहिलं. मग एका बाजूला उभा राहिला, मग दुसऱ्या बाजूला. म्हणाला, "इकडून बघितलं तर तू वांगं वाटतोस आणि तिकडून बघितलं तर दुसराच कुणीतरी."

"पण जिंकलं कोण?" दोघींनी एकदमच विचारलं.

"तुझ्या वहिनीचा डोळा गोरा आहे," दादा जपून म्हणाला.

झालं! आईने रात्रीचं जेवण मोजून चार शब्दांत वाढलं. आणि रविवारी सकाळी तिने शेवटचा हल्ला चढवला. काकडी आणि कच्चा बटाटा एकत्र वाटून त्याचा जाड लेप. वाटला कशावर? आमच्या रोस कारीवर, म्हणजे मसाला वाटायच्या पाट्यावर. आणि त्या पाट्यावर पाचच मिनिटांपूर्वी वहिनीने काय वाटलं होतं? चटणीसाठी मिरच्या!

लेप लागला. पहिला क्षण गार वाटला. दुसऱ्या क्षणी मी अंगणात होतो. मधलं दार कसं ओलांडलं, आठवत नाही.

"जळतंय! आई, जळतंय!"

"जळला म्हणजे लागू पडतोय!" आई मागून धावत ओरडली. "पुसू नकोस!"

"मरतोय मी!"

"अरे, पाच मिनिटं थांब!"

दादाने माझं डोकं नळाखाली धरलं. वहिनीने पाटा पाहिला, आपल्या हाताचा वास घेतला आणि "आयो!" म्हणून मटकन खाली बसली. आईला काय झालं ते कळलं, तेव्हा ती म्हणाली, "मिरच्या वाटून पाटा धुवायचा कुणी?" वहिनी म्हणाली, "वाटायच्या आधी बघायचं कुणी?" आणि त्या दोघींचं तिथेच जुंपलं. मी नळाखालीच होतो.

आरशात पाहिलं तर डावा डोळा फुगून बंद झालेला, त्याखाली काळंभोर वर्तुळ. उजवा उघडा, त्याखाली पांढरीफटक चकती. आता इथपर्यंतचा दोष इतरांना देता येतो. पुढचा मात्र सगळा माझा. मला वाटलं, दोन्ही बाजू निदान सारख्या तरी दिसाव्यात. मी गुपचूप चुलीपाशी गेलो, पातेल्याच्या बुडाची काजळी बोटावर घेतली, एरंडेलात कालवली आणि उजव्या डोळ्याखाली नवीन वर्तुळ काढलं! जे घालवायला घर आठवडाभर राबलं, ते मी दोन मिनिटांत परत बसवलं. आणि खरं सांगतो, छान जमलं होतं.

व्हाकोआच्या गार हवेत ते टिकलंही असतं. पण रिव्हिएर दू रांपारला जायचं तर पोर्ट लुईला उतरून बस बदलावी लागते, आणि पोर्ट लुईचं ऊन म्हणजे तापलेला तवा. पहिला काळा ओघळ हनुवटीपर्यंत पोचला तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाईने माझा हात हातात घेतला आणि क्रिओलमध्ये हळहळून विचारलं, "कोण गेलं रे बाळा?"

"अजून कुणी नाही," वहिनी म्हणाली.

सखारामकाका दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक डोळा बंद, दुसरा लालभडक, शर्टावर काळे ओघळ, पाऊल दारात चाचपडत टाकलेलं.

"हा तर सकाळीच पिऊन आला!"

"नाही हो!" आई आणि वहिनी एकदम ओरडल्या. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

"तोंड उघड," काका म्हणाले. मी उघडलं. त्यांनी वास घेतला. मग गोंधळून पुन्हा घेतला. "हा काकडीचा वास कसला?"

एवढ्यात मालती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. मला पाहून थबकली. ट्रेमधले कप किणकिणायला लागले. ती हसू दाबत होती. मी माझ्या एकुलत्या एक चालू डोळ्याने तिच्याकडे टक लावून पाहिलं, आणि तोंडातून निघून गेलं, "तुमच्या भुवईवर काकडीचं बी आहे."

मालतीने भुवई चाचपली. बी निघालं.

"मी दोनच दिवस लावली!" आतून तिच्या आईचा आवाज आला. "पोरीच्या डोळ्यांखाली जरा काळा दिसत होता म्हणून!"

"तरी म्हणतो, माझ्या वाफ्यातल्या काकड्या जातात कुठे!" काका ओरडले.

मग मात्र मालती फुटली. ट्रे टेबलावर आपटून पोट धरून हसली. मी हसलो. (पापुद्रे सुटले. सुटू दे म्हटलं.) हसू आवरल्यावर तिने विचारलं, "तुम्ही काय काय लावलं?" मी खिशातून तक्ता काढून दिला. वहिनीने घाईघाईने पर्समधून निळी डबी काढली आणि म्हणाली, "हिने तरी गुण आला होता हो. थोडी आत्ता लावू का?"

मालतीने डबी घेतली, आणि शिक्षिकेच्या सवयीने बारीक अक्षरंही वाचली.

"वहिनी, ही टाचांच्या भेगांची आहे."

"टाचांच्या?"

"जाड कातडी सोलून काढायला. डोळ्यांजवळ नेऊ नका, असं लिहिलंय."

सगळे माझ्याकडे वळले. फ्रेंचच्या परीक्षा पास झालेला मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागलो. "मी तिला टाचा म्हणून कळवलं होतं का?" वहिनी स्वतःशीच पुटपुटत होती. "हो गं बाई... टाचाच होत्या!"

काका मात्र तक्त्यातच गुंतले होते. चष्मा लावून त्यांनी तो उभा धरला, आडवा धरला, रकान्यांवरून बोट फिरवलं. आई देवाचं नाव घेत होती. माझा एक डोळा त्या बोटावर खिळलेला.

"ह्या रेघा तू मारल्यास?"

"हो."

"रोज लिहिलास?"

"रोज. संध्याकाळी."

काकांनी कागदाची घडी घातली. "पिणाऱ्याच्या हातून संध्याकाळी एवढ्या सरळ रेघा निघत नाहीत," ते म्हणाले. "पोरगा येडा आहे, पण पीत नाही. चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोळे धुतले, वर्तुळं वडिलोपार्जित असल्याचं सांगितलं आणि त्यांना कुणीही, कशानेही हात लावू नये अशी ताकीद दिली. आई म्हणाली, बघ, टाचांची क्रीम! वहिनी म्हणाली, बघा, मिरच्या! दोन महिन्यांनी आमचं लग्न झालं.

बऱ्याच वर्षांनी, एका दुपारी, मी मालतीला विचारलं, "खरं सांग. त्या दिवशी मी तसल्या अवतारात उभा होतो. तरी तू हो का म्हणालीस?"

"त्यात काय विचार करायचा?" ती म्हणाली. "जो माणूस दोन बायकांना आठवडाभर आपल्या डोळ्यांत काहीही घालू देतो आणि वर त्याची नोंद ठेवतो, तसला नवरा अख्ख्या बेटावर दुसरा मिळाला असता का?"

याला माझ्याकडे सणसणीत उत्तर होतं. पण तेवढ्यात तिने कसलीशी नवी बाटली उघडली, "वर बघा" म्हणाली, आणि मी मुकाट्याने वर पाहिलं.