नानांच्या गळ्यातला बेल्ट

आमच्या घाटकोपरच्या सोसायटीत नाना एकदा भर दुपारी मोटरसायकलचा रबरी बेल्ट गळ्यात घालून शिरले, तेव्हा वॉचमनने कुठल्या बाबांची दीक्षा घेतली म्हणून विचारलं होतं. नाना हसले नाहीत. टायमिंग बेल्ट दुमडला की त्याच्या आतले धागे मोडतात, पिशवीत टाकला की तो दुमडणारच, म्हणून गळ्यात बरा, हे त्यांनी वॉचमनलाही नीट समजावलं. पुढे आम्हाला त्याची सवय झाली.

गाडी नानांची नव्हती, त्यांच्या दादांची. दादा बोटीवर इंजिनिअर होते, तरुणपणी इटलीहून हौसेने त्यांनी ती आणली होती. नाना जन्मभर ऑफिसात फायली हलवलेले, त्यांना धड सायकलही येत नव्हती. पण दादांना पक्षाघात झाला, वाचा गेली, आणि नाना ते इंजिन शिकले. दर रविवारी सकाळी पहिल्या मजल्यावरच्या दादांच्या खिडकीखाली ते गाडी सुरू करायचे. वर पलंगावर दादांच्या उजव्या हाताची बोटं चादरीवर वळायची, अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यासारखी. एरवी कशालाच तो हात हलत नसे.

चालत्या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि खेळ खलास. म्हणून बेल्ट निवडताना नाना दुकानदाराचा अंत पाहायचे. नवंकोरं पाकीट बाजूला सारून बेल्ट उलटा वाकवायचे आणि दातांच्या मुळाशी भेगा आहेत का ते दारातल्या उजेडात बघायचे. "पाकिटात पडून पण म्हातारा होतो रे तो," मला म्हणायचे. "गाडी किती पळाली ते सोड, रबराचं वय विचार." आणि नव्याची सोय झाली की जुना कात्रीने कापून टाकायचे. नाहीतर आपल्यालाच आळस येतो आणि परत तोच बसवला जातो, असं त्यांचं म्हणणं.

त्या शिस्तीनेच घात केला. इटलीहून नवा बेल्ट निघाल्याचं कळलं तसा नानांनी जुना काढून कापला, आणि नवा कस्टममध्ये अडकून पडला. अडीनडीला म्हणून मालाडच्या एका दुकानातून आणलेला दुसरा बेल्ट घरात होता, पण त्याच्या दातांच्या मुळाशी भेगा. तो खिळ्यावर नुसता लटकत राहिला. रविवार मुके जाऊ लागले. दादा खालावत गेले, आणि एक दिवस डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलावून घ्यायला सांगितलं.

त्या दुपारी नाना मालाडचा बेल्ट गळ्यात घालून खाली आले. ते तो बसवायला लागले, मी टॉर्च धरला. न राहवून म्हटलं, "नाना, इंजिनाची वाट लागेल."

"लागू दे," ते म्हणाले. "आज वय बघायचं नाय."

गाडी सुरू झाली. नाना मान वर करून खिडकीकडे बघत उभे राहिले. थोड्या वेळाने दादांच्या बायको, वहिनी, खिडकीत आल्या. "भावोजी, बोटं हलली," त्यांनी वरून सांगितलं. नानांनी इंजिन बंद केलं नाही. ते चालत राहिलं, आणि मग आत काहीतरी खाडकन तुटून सगळं थांबलं. नानांनी गरम इंजिनाजवळ हात नेला, मागे घेतला आणि जिना चढून गेले. मी वर गेलो तेव्हा ते दादांच्या कानाशी वाकून गावच्या मालवणीत बोलत होते. "आयकलंस मा रे, दादा?"

दादा त्याच आठवड्यात गेले. बाराव्यानंतर इटलीचा बेल्ट आला. नानांनी तो खिडकीत नेऊन उलटा वाकवून पाहिला, "एकदम ताजा आहे," म्हणाले आणि खिळ्याला अडकवला. पुन्हा त्याला हात लावला नाही.

पुढच्याच वर्षी नानाही गेले. गाडी भंगारात गेली. वहिनींनी बेल्ट मला दिला, आणि मीही तो गळ्यात घालूनच घरी आणला. नानांची इतकी आठवण येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. परवा सहज तो खिडकीत नेऊन वाकवला, तर दातांच्या मुळाशी बारीक भेगा दिसल्या. कधीच कुठल्या इंजिनात न फिरलेला बेल्ट. नानांच्या नियमाप्रमाणे मी कात्री काढली, बराच वेळ हातात धरून बसलो, आणि परत खणात ठेवून दिली.