नानांच्या रक्ताचा रिपोर्ट

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी जळगावच्या एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन होतो. सांधेदुखीच्या तपासणीचं नवं किट आलं होतं. काळ्या काचेवर रक्तातल्या पाण्याचा एक थेंब घ्यायचा, त्यात दुधासारखं औषध मिसळायचं आणि काच हलवत राहायची. दूध नासल्यासारखे कण दिसले की संधिवात. मला तेवढंच ठाऊक होतं.

हात बसावा म्हणून मी धडधाकट माणसांचं रक्त तपासून बघत होतो. त्याच आठवड्यात रावेरकडच्या आमच्या गावाहून वडील आले. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. सत्तरी ओलांडली होती, तरी केळीचा घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत सहज चालत जायचे. सुई टोचताना त्यांनी विचारलं, "मले काय झालं रे?"

"काही नाही नाना, नुसतं बघतो."

थेंब दोन मिनिटांत नासला. मी आणखी दोनदा करून पाहिलं. तेच. लॅबचे डॉक्टर चार दिवस बाहेरगावी होते. त्यांना विचारायला हवं होतं, पण मी थांबलो नाही. रिपोर्ट लिहून थोरल्या भावाला दिला. "दुखणं सुरू व्हायच्या आधीच सापडलं बघ," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटत होता.

भाऊ नानांना तालुक्याच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेला. सकाळी गुडघे धरतात का, असं डॉक्टरांनी विचारलं. "कधीमधी धरतात," नाना म्हणाले. त्या वयात कुणाचे धरत नाहीत? स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. भूक वाढली, गाल वर आले. नानांची तब्येत सुधारली असं गावात सगळे म्हणू लागले. मग भाऊ डॉक्टरांना न दाखवताच मेडिकलमधून त्याच गोळ्या आणत राहिला. नाना मात्र मळ्यात जाईनासे झाले. "रक्तातच दोष आहे मह्या," म्हणायचे आणि ओट्यावर बसून राहायचे.

दोन वर्षांनी न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. साधंच पडणं होतं. जळगावच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. "हाडं पार पोकळ झालीत. स्टेरॉइडनं होतं असं. या गोळ्या कशासाठी चालू होत्या?"

त्या दिवशी मी लॅबच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, चांगल्या ठणठणीत म्हाताऱ्यांच्या रक्तातही हे सापडतं. शरीर स्वतःच्याच विरुद्ध काहीतरी तयार करतं, पण त्याने त्रास होतोच असं नाही. सांधे सुजले होते का त्यांचे?"

"नाही."

"मग काहीच नव्हतं."

नाना खाटेवरून उठलेच नाहीत. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. मी रोज ड्रेसिंग करायचो. एकदा ते म्हणाले, "तू होता म्हनून रोग सापडला, नाही तं कळलंच नसतं." मी कापूस बदलत राहिलो. पावसाळा संपायच्या आत ते गेले.

भेटायला आलेल्या बायकांना आई सांगायची, संधिवातानं गेले. मी शेजारीच बसलेलो असायचो. भावालाही मी आजवर काही सांगितलेलं नाही. गोळ्या आणणारा तो होता. ऐकलं तर तो सगळं स्वतःच्या माथी घेईल.