एका सडकेला दोन मोटारी

सुमे, जवळ ये बघू. म्हणजे हा कागद डोळ्यांजवळ घे; हिंदी शाळेनं तुझं मराठी वाचन पार बिघडवलंय, ठाऊक आहे मला. आणि पत्रात विचारतेस काय, तर ‘आजी, तुझे वडील धारच्या दरबारात नुसते कारकून होते का?’ नुसते! अगं, पणतीनं असं विचारावं?

धारमध्ये त्यांना सगळे चौकशीनाना म्हणत. कुणी काहीही सांगितलं की नाना आधी म्हणणार, “कशावरून?” माझ्या लग्नात भटजी म्हणाले, “घटका भरली.” नाना म्हणाले, “कशावरून?” आणि स्वतः वाकून घटिकापात्र बघून आले. मग म्हणाले, “भरली. वाजवा!” आईनं पदराआड कपाळावर हात मारून घेतला.

दरबारात अर्ज आला की कचेरीत बसून शेरा मारायचा, हे त्यांना माहीत नाही. पगडी खुंटीला, डोक्यावर साधी टोपी, आणि निघाले जागेवर. मला म्हणायचे, “ताई, पगडी दिसली की माणसं पगडीशी बोलतात. माझ्याशी कुणी बोलत नाही.”

तेव्हा मोटारी नव्या नव्या आल्या होत्या. देवासहून इंदूरवरून धारला दोन लॉऱ्या धावत. एक धारच्या शेटजींची, दुसरी माझ्या देवासच्या मामंजींची, म्हणजे सासऱ्यांची. काय चुरस होती गं! शेटजींनी बाकांवर गाद्या घातल्या, तर मामंजींनी गाडीत गार पाण्याचा माठ ठेवला. उतारूंची नुसती चैन. मग एके दिवशी दोघांनी मिळून एकच कंपनी केली. गाद्या गेल्या, माठ गेला, भाडं तेवढं वाढलं. वर दरबारात अर्ज केला, की या सडकेवर आमच्याखेरीज कुणालाही परवाना देऊ नये. तो अर्ज चौकशीला आला नेमका नानांकडे.

मी तेव्हा संक्रांतीला माहेरी आले होते. मामंजी तिळगूळ घेऊन स्वतः आले. “व्याही, चार ओळी बऱ्या लिहा. तुमची लेक आमच्याच घरात आहे हो!” बोलले हसतच, पण आईचा वाढता हात थांबला. नाना म्हणाले, “तिळगूळ गोड आहे. अर्जाचं बघतो.”

दुसऱ्या दिवशी नाना मला घेऊन लॉरीत बसले. “बायका माझ्याशी बोलायच्या नाहीत. तू त्यांच्यात बस, आणि कान उघडे ठेव.” माझ्या शेजारी बाग गावची एक म्हातारी होती, ठशांच्या कापडाचं भलंमोठं गाठोडं मांडीवर घेऊन. मी विचारायचा अवकाश, ती सुरूच झाली. “पेलां तो दोई मोटरवाळा हाथ पकड़ी ने बेठाता था, बेटी. गाठड़ी बी उठाता था. अबे केवे, बेठनो होय तो बेठो, नी तो पगे-पगे जाओ!”

घरी आल्यावर नानांनी विचारलं, “काय ऐकलंस?”

मी म्हटलं, “नाना, मी त्या घरची सून आहे.”

“ठाऊक आहे. सांगायचं नसेल तर नको सांगू. ‘मुलीनं काही सांगितलं नाही’ एवढंच लिहीन.”

तेवढ्यानं मात्र मला राहवेना. म्हातारीचा शब्द न् शब्द सांगितला: आधी दोघेही हात धरून बसवायचे, आता म्हणतात, बसायचं तर बसा, नाहीतर पायी जा. नानांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्यांच्या अहवालाची पहिली ओळ मला आजही पाठ आहे: ‘अर्जदारांपैकी एक माझे व्याही आहेत, हे दरबाराने ध्यानी घ्यावे.’ आणि शेवटची: ‘मोटारी त्यांच्या, सडक रयतेची. घराला दोन दारे असली की वारा खेळतो. एक लावून घेऊ नये.’ दरबारानं मानलं. कंपनी राहिली, पण सडक खुली राहिली. थोड्याच दिवसांत बागली गावच्या एका भियानं, म्हणजे आपल्या भाषेत भाऊनं, आपली मोटार सुरू केली. बघता बघता गाद्या परत आल्या, माठही आला!

माझं माहेर मात्र तुटलं. मामंजींनी दोन दिवाळ्या मला पाठवलं नाही. तिकडे नाना दर शनिवारी देवासची गाडी यायच्या वेळेला स्टँडवर जाऊन उभे राहत. आई म्हणायची, “ती यायची नाही हो.” तर म्हणत, “तिच्यासाठी कोण जातंय? गाड्या वेळेवर येतात का, ते बघतो.”

एका शनिवारी इंदूरजवळ मामंजींच्या लॉरीचं चाक निखळलं. कामाची घाई होती, नाइलाजानं त्या भियाच्या मोटारीत चढले. धारच्या स्टँडवर उतरतात, तर समोर नाना! पुढचं मामंजींनीच घरी येऊन आम्हाला सांगितलं. नानांनी त्यांना एवढंच विचारलं होतं, “बसायला जागा मिळाली ना, व्याही?”

“मिळाली,” मामंजी म्हणाले होते. “हात धरून बसवलं हो त्यानं.”

आणि दोघं तिथंच, भर स्टँडवर, पोट धरधरून हसले म्हणे. पुढच्या शनिवारी मला धारला पोचवायला मामंजी स्वतः आले.

तर असे नुसते कारकून होते तुझे पणजोबा. कळलं?

आता देवासला कितीतरी गाड्या येतात. तुला आवडेल तीत बस, पण लवकर ये. गुडघे दुखतात, तरी दर शनिवारी मी स्टँडपर्यंत जाऊन येते. तुझ्यासाठी नाही गं. गाड्या वेळेवर येतात का, ते बघायला.