घासून पालथा घातलेला रांजण

देब्रे ताबोर गावात जव आंबवून तल्ला, म्हणजे घरची बिअर, करणाऱ्या बायका पुष्कळ, पण रांजण घासावा तर असेगेदेचनेच. शेजारणी म्हणत, या बाईचा तल्ला पिऊन संपतो चार दिवसांत आणि रांजण धुऊन संपतो आठ दिवसांत. म्हणोत बापड्या. रांजण रिकामा झाला की ती कोपरापर्यंत हात आत घालायची, कडू पाल्याने तळापासून तोंडाकडे गोल गोल घासायची आणि शेवटचं पाणी जिभेवर घेऊन बघायची. कडू लागलं की पुन्हा पहिल्यापासून. मग दोन दिवस ऊन, मग रानऑलिव्हच्या लाकडाची धुरी, आणि मग तीन दगडांवर पालथा. साबणाचं नाव काढलेलं तिला खपत नसे. साबण मातीत शिरतो आणि पुढच्या तल्ल्याचं वाटोळं करतो, हे तिला आईने शिकवलं होतं. आई गेल्यावर तिने ते धाकट्या बहिणीला, लाकेचला शिकवलं, तेही चापट्या मारून.

दर महिन्याच्या बारा तारखेला संत मिकाएलच्या नावाने बायका जमत. पाळी कुणाच्याही घरची असो, तल्ला असेगेदेचचाच. तिला नवरा नाही, मूल नाही. गावात तिला मान होता तो एवढ्यासाठीच, आणि तेवढा तिला पुरत होता.

यंदा तिचे गुडघे धरले. ती दोन आठवडे तीर्थाच्या झऱ्यावर जाऊन राहिली. घराची किल्ली अर्थातच लाकेचकडे. बारा तारीख जवळ आली तशी, आता तल्ला कोण करणार म्हणून असेगेदेचचं चित्त ठिकाणावर राहीना, तेव्हा लाकेच भाजलेले जव घेऊन भेटायला आली.

"तू कशाला घाई करतेस, एतिये?" थोरल्या बहिणीला ती नेहमी असंच हाक मारी. "बायका म्हणाल्या, असेगेदेच नाही तर या महिन्यात तल्लाच नको. नुसती इंजेरा-भाकरी खाऊ."

असेगेदेचने तोंडावरून पदर ओढला आणि आनंदाने रडली. आणखी आठवडाभर राहिली.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी तिने पुढच्या तल्ल्यासाठी रांजण सुलटा केला आणि आत तोंड घातलं. तीन आठवड्यांचा धूर शिळा व्हायला हवा होता. हा ताजा होता. काठाखालच्या खाचेत पाल्याचा एक तुकडा अडकला होता, अजून हिरवा. परका कुणी असता तर रांजण तसाच बरबटलेला टाकून गेला असता. हा आतून कसा स्वच्छ, लखलखीत, तळापासून तोंडाकडे घासलेला. असं घासायला तिने एकट्या लाकेचलाच शिकवलं होतं.

लाकेच अंगणात पाखडत बसली होती.

"बारा तारखेसाठी माझ्या रांजणात तल्ला केलास?"

लाकेचचं सूप थांबलं. "केला. कुणीतरी करायलाच हवा होता ना?"

"बायकांना काय सांगितलंस?"

"सांगितलं, एतियेचे गुडघे गेले. तिनेच रांजण माझ्या हवाली केलाय."

"मी? माझ्या तोंडी तू शब्द घातलेस?"

"मग काय करू! चाळीस वर्षांची झाले मी. अजून तुझं पाणी भरते, तुझा पाला तोडते. मागितला असता तर दिला असतास?"

"मागितला होतास का कधी?"

लाकेच पुन्हा पाखडू लागली. तेवढ्यात कुंपणापलीकडून म्हातारी झेनेबेच ओरडली, "असेगेदेच, आलीस का गं? बरं केलंस बाई, जिवंतपणी बहिणीच्या हाती दिलंस. पाद्रीबाबांनीसुद्धा तुझं नाव घेऊन आशीर्वाद दिला!"

असेगेदेचला म्हातारीला खरं सांगता आलं असतं. तिने नुसती मान हलवली. बहिणीला गावात चोर म्हणायचं तर तिचीच जीभ वळेना, आणि या गोष्टीचा तिला स्वतःचाच राग आला.

म्हातारी गेल्यावर लाकेच हळूच म्हणाली, "एक सांगू? तल्ला छान झाला होता. मी सांगितलं नसतं तर तुझा नाही हे चवीवरून कुणाला कळलंसुद्धा नसतं." समजूत घालावी अशा सुरात.

"तू रांजण नेलास, नाव नेलंस, ते मी गिळलं असतं," असेगेदेच म्हणाली. "पण त्या बायका माझ्यावाचून तल्ला पिणार नाहीत असं तू मला सांगितलंस. आणि मी ते खरं मानून बसले गं, लाकेच. झऱ्यावर भेटेल त्या बाईला सांगत सुटले होते."