आवाज येऊ देणारं दार

माझ्या मावशीला घरात सगळे चौकशीखिडकी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. कोणी नवा चष्मा घेतला तर नंबर किती वाढला, जुन्या फ्रेमचं काय केलं, इथपर्यंत विचारल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. आई वैतागून म्हणायची, "अगं, आता त्याचा चष्मा उतरवून तूच घाल म्हणजे झालं."

मावशी शिवणकाम करायची. पँटी, कोट, बायकांचे ड्रेस, शाळेचे गणवेश. लग्न केलं नाही. का केलं नाही हे मात्र तिला विचारायची कोणाची छाती नव्हती. तिचं घर म्हणजे एक लांबलचक खोली आणि मागे स्वयंपाकघर. खोलीच्या खिडकीकडच्या अर्ध्या भागात शिलाई मशीन, कापायचं टेबल, इस्त्री आणि उभा आरसा. दुसऱ्या अर्ध्यात पलंग आणि कपाट. दोन्हींच्या मधे भिंतीतून पुढे आलेले दोन खांब होते, आणि त्यांच्यामधली जागा मोकळी.

त्या मोकळ्या जागेचा प्रश्न आला तो मोठ्या मामांमुळे. मोठे मामा म्हणजे आई आणि मावशीचा थोरला भाऊ. आयुष्यभर बेकरीत भट्टीवर काम केलेला माणूस. रात्रभर पाव भाजायचे आणि दिवसा झोपायचं. काम सुटलं तरी झोपेची वेळ काही बदलली नाही. मामी गेल्यावर ते मुलाकडे राहायला गेले. मुलगा गुणी. त्याने वडिलांना वेगळी खोली दिली, जाड दार, जाड पडदे, दुपारी घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही अशी ताकीद. तरी मामा दिवसेंदिवस वाळत चालले. झोपच लागेना. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी एक दिवस मामा म्हणाले, "मी थोडे दिवस छोटीकडे जाऊन राहतो."

मुलाला वाईट वाटलं. "माझ्याकडे काय कमी आहे?" असं त्याने माझ्या आईला तीनतीनदा विचारलं.  

मावशीने मामांना पलंग दिला आणि स्वतःची गादी स्वयंपाकघरात टाकली. मग खांबांमधे एक जाड घोंगडी लटकवली. तिला लहानपणची धास्ती होती. मामा तरुणपणी रात्रपाळी करून येऊन झोपायचे तेव्हा ती त्याच एका खोलीत शिवण शिकत होती, आणि आजी सारखी ओरडायची, "मशीन हळू चालव, दादा झोपलाय!" आपण भावाच्या झोपेचं वाटोळं केलं, असं मावशीने तेव्हापासून मनाशी धरून ठेवलेलं.

घोंगडीआड मामा टक्क जागे. पलंगावर पडून छताकडे बघत बसायचे.

मावशीला वाटलं, उकडत असेल. तिने घोंगडी काढून अस्तराचं पातळ कापड लावलं. त्या दुपारी मामा असे झोपले की चहा गार झाला तरी उठले नाहीत. मावशी खूश. पण दुसऱ्याच दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई कोटाचं फिटिंग बघायला आल्या. त्या बाहीत हात घालून आरशासमोर उभ्या, आणि मागे पातळ कापडावर मामांची सावली हळूहळू उठून बसली. बाईंनी कोट तसाच अंगाभोवती गच्च धरला.

"कोण आहे तिकडे?"

"माझा भाऊ. झोपलाय तो."

"झोपलेला माणूस बसलेला दिसतो का?" असं म्हणून बाई निघून गेल्या, कोट टाचण्यांसकट तिथेच ठेवून.

म्हणजे घोंगडी लावली तर भाऊ जागा, आणि कापड लावलं तर गिऱ्हाईक पळालं. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. मावशीला मात्र चेव चढला. घोंगडी हे कारण आहे, की ऊन, की वारा? तिने घोंगडी लावून खिडकी उघडी ठेवली, मामा जागे. पंखा लावला; जागे. घोंगडी अर्धी वर गुंडाळली; मामा लगेच झोपले. मी तेव्हा जवळच राहायचे, रोज संध्याकाळी मला बातमीपत्र मिळायचं.

मग एका दुपारी पातळ कापड लावलेलं असताना मशीनचा दोरा तुटला. मावशी सुई ओवायला थांबली. पलीकडून पलंग करकरला. तिने कापडाच्या कडेने डोकावलं तर मामांचे डोळे उघडे. ती परत येऊन मशीन चालवायला लागली. थोड्या वेळाने पुन्हा डोकावली, तर मामा घोरत होते. तिने मुद्दाम मशीन थांबवलं. घोरणं थांबलं. पुन्हा चालवलं. पुन्हा सुरू.

तिने धावत जाऊन मला फोन केला. "अगं, तो माझ्या मशीनवर चालतो!"

संध्याकाळी तिने मामांना विचारलं, "दादा, तुला मशीनच्या आवाजाने झोप लागते का रे?"

"मला काय माहीत?" मामा म्हणाले. "झोपलेल्या माणसाला काय विचारतेस?"

आता दार कसं हवं ते मावशीला कळलं. दिसू नये, पण ऐकू यावं. रविवारी मावशी, मामा आणि मी दारांच्या दुकानात गेलो. माझ्या हातात जड पिशवी होती. तिच्यात मावशीचं जुनं, हाताने फिरवायचं छोटं मशीन होतं. का, ते मला तिथे गेल्यावर कळलं.

दुकानात दारं रांगेने उभी होती, भिंतीच नसलेली. एक उघडावं तर पलीकडे दुसरं. कानावर पेन्सिल खोचलेला दुकानदार पुढे आला.

"खोलीच्या मधलं दार ना? उजेड हवाय की शांतता?"

"लोक बहुतेक काय मागतात?" मावशीने उलटा प्रश्न केला.

"तोंडाने उजेड मागतात. घेतात शांतता." त्याने एक भरीव दार ओढून दाखवलं. "हे बघा. पलीकडे लग्नाची वरात गेली तरी समजायचं नाही."

"मला आवाज येऊ देणारं दार पाहिजे."

दुकानदाराने पेन्सिल कानावरून काढली, परत खोचली. "बाई, आवाज थांबवायला लोक दारं घेतात. यावा म्हणून मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

मावशीने त्याला सगळं सांगितलं, मुख्याध्यापिकाबाईंच्या कोटासकट. मग तिने एक स्टूल मागितलं, मामांना त्यावर बसवलं, माझ्याकडून मशीन घेऊन दाराच्या अलीकडच्या टेबलावर ठेवलं आणि खाली एक चिंधी सरकवून त्याचं चाक फिरवायला लागली. दुकानातली बाकीची माणसं जमली. नवरा-बायकोचं एक जोडपं स्वतःचं भांडण अर्धवट सोडून बघायला आलं.

भरीव दाराआडून मामा ओरडले, "सुरू कर की." मावशी केव्हाची फिरवतच होती.

काचेच्या दारातून आवाज बरा गेला, पण काच खरबरीत असली तरी मामांचं टक्कल स्पष्ट दिसत होतं. ते बाद. प्लास्टिकच्या घड्यांचं दार आवाज येऊ द्यायचं, पण धक्का लागला की स्वतःच खडखडायचं. ते मामांनी बाद केलं. "हे मशीनच्या मधे बोलतं," म्हणाले.

मग दुकानदारालाच आठवलं. मागच्या रांगेतून त्याने एक लाकडी दार दाखवलं. चार फळ्यांचं, मधोमध बिजागऱ्या, घडी होणारं. प्रत्येक फळीत खालपासून वरपर्यंत तिरप्या पट्ट्या. पट्ट्या अशा कललेल्या की समोरून बघावं तर लाकडाशिवाय काही दिसत नाही, पण वारा आणि आवाज वाट काढून जातात. "कपाटांना लावतात हे. माणसाला कोणी लावलेलं नाही अजून," तो म्हणाला.

मामा पलीकडे स्टुलावर बसले. मावशीने मशीन सुरू केलं. आम्ही वाट बघत होतो की ते काहीतरी म्हणतील. काहीच बोलेनात. ते जोडपं कुजबुजलं, "काय झालं?" दुकानदार वळसा घालून गेला आणि ओठांवर बोट ठेवून परत आला. मामा शेजारच्या दाराला डोकं टेकून गाढ झोपले होते.

"थांबवू नका," दुकानदार मावशीला म्हणाला. "मी तोपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकांचं बघतो." आणि मावशी बराच वेळ त्या चिंधीवर शिलाया घालत बसली. हात भरून आला तेव्हा मी फिरवलं.

सरकतं दार का नको हेही त्यानेच समजावलं. सरकणाऱ्या फळ्यांना बाजूला उभं राहायला रिकामी भिंत लागते, आणि मावशीच्या खांबाशेजारी इस्त्रीचं टेबल. शिवाय तळाला पट्टी आली की मामांचे घासत चालणारे पाय अडखळणार. तेव्हा घडीचं दार, वरच्या रुळावर लटकणारं, खाली जमीन मोकळी. मावशीने माप तोंडी सांगितलं. "रुंदी बरोब्बर नव्वद इंच. मी स्वतः घेतलंय."

"आमचा मिस्त्री येऊन घेईल."

"अहो, माझा धंदाच मापाचा आहे."

"तरी येईल," दुकानदार म्हणाला.

मिस्त्री आला, पोलादी टेप ओढली आणि म्हणाला, "एक्क्याण्णव."

"नव्वद," मावशी म्हणाली.

"एक्क्याण्णव. वरती पाव इंच कमी. मधे पुन्हा एक्क्याण्णव." मग त्याने दोन्ही खांबांपाशी उंची घेतली. डावीकडे जमीन बोटभर खाली होती.

"म्हणजे एक खांदा उतरलाय," मावशी म्हणाली.

"सगळ्याच घरांचा असतो. आपण सगळ्यात कमी भरलेलं माप धरायचं आणि उरलेल्या फटीला पट्टी मारायची." मिस्त्रीने मावशीच्या गळ्यातल्या कापडी टेपकडे बोट दाखवलं. "ती जरा इकडे द्या."

त्याने दोन्ही टेपा टेबलावर शेजारीशेजारी ताणून धरल्या. मावशीची टेप वर्षानुवर्षं ओढून ओढून लांबली होती. तिच्या नव्वदावर त्याचे एक्क्याण्णव उभे. मावशी खाली वाकून बघत राहिली. 

"मग इतक्या वर्षांच्या पँटी?" ती हळूच म्हणाली.

"माप कशाने घेतलंत?"

"हिनेच."

"आणि कापड कशाने मोजलंत?"

"हिनेच."

"मग बसल्या की. माणसंही कमी भरली, कापडही तेवढंच कमी भरलं." मिस्त्री हसला. "फक्त दार तेवढं आमच्याकडून घेऊ नका हिच्यावर."

मावशीने नवी टेप आणली, पण जुनी टाकली नाही. जुन्या गिऱ्हाइकांची मापं तिला तोंडपाठ होती, ती सगळी जुन्या टेपेची. त्यामुळे जुन्यांना जुनी आणि नव्यांना नवी, असा तिचा कारभार सुरू झाला. तिच्या डोक्यात गोंधळ झाला नाही. माझ्या व्हायचा.

दार बसलं. मुख्याध्यापिकाबाईंना मावशीने स्वतः जाऊन बोलावून आणलं. बाई दारासमोर उभ्या राहिल्या, वाकून बघितलं, टाचा उंचावून बघितलं. काही दिसलं नाही.

"आत कोणी आहे?"

"भाऊ झोपलाय."

"आणि तुम्ही मशीन चालवताय?"

"म्हणून तर झोपलाय."

बाईंना ते काही पटलं नाही, पण कोट घालून बघितला. छान बसला होता.

मामा हळूहळू भरले. गालफडं भरली, चेहऱ्यावर तजेला आला. दुपारी चारला उठायचे, दाराची घडी करून बाजूला सारायचे आणि टेबलाशी बसून काजं-बटणं करू लागायचे. भट्टीवर काम केलेली जाड बोटं, पण सुई धरायला शिकली.

एका रविवारी दुपारी मामांचा मुलगा आला. मावशी शिवत होती, मी शेजारी उसवत होते. आतून घोरणं येत होतं. तो दाराशी तसाच उभा राहिला. मग स्टुलावर बसला.

"आत्या," तो म्हणाला, "मी पोरांना दुपारी टीव्हीसुद्धा लावू देत नव्हतो गं."

"तुला तरी कुठे ठाऊक होतं? मला नव्हतं, त्यालाही नव्हतं." मावशीने मशीन न थांबवता विचारलं, "तू लहान असताना कसा झोपायचा रे तो? आठवतं?"

तो विचार करायला लागला. "आम्ही तेव्हा छापखान्याच्या वर राहायचो ना. दिवसभर खाली धाडधाड चाललेली. आई म्हणायची, कसे झोपतात कोण जाणे." त्याने दाराकडे बघितलं. "रविवारी छापखाना बंद असायचा. रविवारी बाबा फार चिडचिड करायचे. आम्हाला वाटायचं, सगळे घरात असतो ते त्यांना आवडत नाही. आम्ही रविवारी मुद्दाम बाहेर खेळायला जायचो, दिवस मावळेपर्यंत."

थांबवायला मावशीचा हात चाकावर गेला, पण तिने मशीन चालूच ठेवलं.

"आणि वहिनी? तिला लागायची झोप त्या आवाजात?"

"आईला?" तो म्हणाला. "आईला मी दुपारी झोपलेलं कधी पाहिलंच नाही."

चहा मी केला. मामा उठेपर्यंत तो थांबला, आणि त्यानंतर दर रविवारी यायला लागला.